शांत जागेचे तीन नियम

"साळवे मॅडम, तुमच्या स्टेशनला कंगवा फुटलाय."

सबनीस सरांचा फोन आला तेव्हा मी भिंगारच्या घरी गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. ऑक्टोबरची दुपार होती. जेवण झालं होतं आणि आता तासभर पडावं असा विचार होता. मी म्हटलं, "सर, मागच्या महिन्यात जाऊन आले तेव्हा सगळं ठीक होतं."

"तेव्हा होतं. आता नाहीये. बघा मेल केलाय."

मेल उघडून पाहिला आणि पिशवी बाजूला ठेवली.

मी इन्स्ट्रुमेंट इंजिनीअर आहे. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आयुष्य काढलं, रिटायर झाले, आणि माझ्या जागी माणूस मिळेना म्हणून त्यांनीच मला कॉन्ट्रॅक्टवर परत बोलावलं. काम तेच. रानात यंत्रं बसवायची, बिघडली की जाऊन बघायची. सबनीस सर माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान आहेत. हुशार आहेत, कष्टाळू आहेत, पण फील्ड त्यांनी बहुतेक स्क्रीनवरच पाहिलेलं आहे.

कंगवा हा आमच्यातला शब्द. एखादी वस्तू ठराविक वेळाने टक, टक, टक करत राहिली की आमच्या आलेखावर सारख्या अंतराने उभ्या रेषा येतात. कंगव्याच्या दातांसारख्या. निसर्ग असल्या रेषा काढत नाही. त्या दिसल्या की समजायचं, जवळपास कुणीतरी काहीतरी चालू केलंय.

आता हे स्टेशन कशासाठी होतं ते सांगते. माझ्या भावजयीला सांगते तसंच सांगते, कारण तिला कळलं होतं.

दूर आकाशात कृष्णविवरं एकमेकांवर आदळतात तेव्हा अवकाशालाच हेलकावे बसतात. त्यांना गुरुत्वलहरी म्हणतात. मोठी टक्कर असेल तर तिची लहर वेगळी ओळखू येते. पण अशा टकरा सगळ्या विश्वात सतत चालूच आहेत. बहुतेक इतक्या लांबच्या की एकेक सुटी कळत नाही. त्या सगळ्यांची मिळून एक अखंड गुणगुण असणार, असं शास्त्रज्ञ म्हणतात. राजूरच्या बाजाराच्या दिवशी वर डोंगरावर उभं राहिलं तर कुणाचं बोलणं कळत नाही, पण बाजार भरलाय हे कळतं. तसं. ती गुणगुण अजून कुणाला जमिनीवरच्या लहरी टिपणाऱ्या यंत्रांत पकडता आलेली नाही.

ती शोधायची रीत सोपी आहे. एकमेकांपासून हजारो किलोमीटर लांब असलेली दोन मोठी यंत्रं घ्यायची. इथल्या ट्रकचा धक्का तिथे लागत नाही, तिथल्या समुद्राचा इथे लागत नाही. तेव्हा दोन्हीकडे जे एकसारखं आणि एकदमच दिसेल ते आकाशातलं. स्थानिक कचरा आपोआप गळून जातो.

खोच अशी आहे की एक कचरा दोन्हीकडे एकसारखाच पोचतो. तो म्हणजे विजांचा. जगात कुठे ना कुठे सारख्या विजा पडत असतात. जमीन आणि वरच्या आकाशातला विद्युतभारित थर यांच्या मधल्या पोकळीत त्यांचे चुंबकीय तरंग पृथ्वीभर फिरत राहतात. सेकंदाला सुमारे आठ हेलकावे, मग चौदा, मग वीस, असे त्यांचे ठरलेले सूर असतात. अगदी क्षीण. पण त्या मोठ्या यंत्रांमधल्या चुंबकांना आणि वायरींना ते किंचित हलवतात, आणि ते इथेही आणि तिथेही, एकाच वेळी. मग विश्वाची गुणगुण सापडली म्हणून पेढे वाटायचे, आणि निघायची ब्राझीलमधल्या पावसाची वीज.

म्हणून विजांचा तो सूर वेगळा मोजून ठेवायचा आणि हिशेबातून वजा करायचा. मोजायला हवी शांत जागा. शांत म्हणजे कानाला नव्हे. तिथे विजेची लाईन नको, मोटर नको, गाड्या नकोत. भिंगारला मी एकदा गंमत म्हणून अंगणात कॉइल ठेवून पाहिली होती. लष्कराच्या गाड्या, शेजाऱ्यांचा मिक्सर, चर्चची साउंड सिस्टिम, सगळं दिसलं, विजा सोडून.

अकोले तालुक्यात राजूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीच्या कडेला मला अशी जागा मिळाली होती. सोनाबाईंचा मुरमाड माळ. त्यांचा नवरा संगमनेरला दूधसंघाच्या गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून एकदोनदा घरी येणारा. शेती सोनाबाई आणि त्यांचा दीर रामनाथ बघायचे. माळाच्या खाली त्यांची भाताची खाचरं. माळावर काहीच पिकत नव्हतं, त्यामुळे त्यांनी जागा देताना फारसे आढेवेढे घेतले नाहीत.

उन्हाळ्यात आम्ही दोन कॉइल जमिनीत पुरल्या. कॉइल म्हणजे खास धातूच्या दांड्यावर तांब्याची तार गुंडाळलेली असते, हातभर लांब. शेजारी बॅटरी, थोड्या अंतरावर सोलर पॅनेल आणि रेकॉर्डरची पेटी. खिंडीत अँटेना. तिथून डेटा पुण्याला.

पुरून झाल्यावर सबनीस सरांच्या सांगण्यावरून मी वाडीतल्या मंडळींना देवळासमोर बसवून तीन नियम सांगितले. माळाच्या आसपास लोखंडाची वस्तू हलवायची नाही. लाईटवर चालणारं काही लावायचं नाही. गाडी आणायची नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. सोनाबाई म्हणाल्या होत्या, "एवढंच ना? पाळू की."

तर आता तिथे कंगवा फुटला होता.

"हे आपल्याच रेकॉर्डरचं आहे," सबनीस सर म्हणाले. "रेषा साधारण एकेक सेकंदाच्या आहेत. जीपीएसचा दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो. परदेशातल्या स्टेशनांवर हा त्रास झालेला आहे. पेटी बदलून टाका."

"मी येत्या आठवड्यात..."

"उद्या जमेल का? पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, मॅडम. सगळ्या देशांतले लोक आहेत. मला सलग दोन आठवडे तरी स्वच्छ डेटा दाखवायचाय. नाहीतर भारतातलं स्टेशन कामाचं नाही असं होईल."

त्यांच्या आवाजात काळजी होती, आणि ती खरी होती. स्टेशन बंद झालं असतं तर त्यांची तीन वर्षं वाया गेली असती. मी बरं म्हटलं.

भिंगार ते राजूर म्हणजे अर्धा जिल्हा ओलांडायचा. संगमनेरला चहा घेतला तोवरच कंबर बोलायला लागली होती. पुढे राजूरच्या वर जीप नियमाप्रमाणे लांब थांबवायची आणि पाठीवर पेटी घेऊन चढायचं. हा नियम करताना माझे गुडघे कुणी विचारात घेतले नव्हते.

पेटी बदलली. राजूरला लॉजवर मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन, "कंगवा आहेच."

मग मी लॉजच्या खाटेवर बसून आधीचा डेटा नीट पाहिला. रेषांमधलं अंतर एक सेकंद नव्हतंच. थोडं जास्त होतं. शिवाय ते सरकत होतं, संध्याकाळी एक आणि पहाटे दुसरं. जीपीएसचं घड्याळ असं कधी घसरत नाही. घसरतं ते स्वस्तातलं, बॅटरीवरचं. आणि दुपारी तर कंगवा पूर्ण गायब व्हायचा.

सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग काय आहे?"

"बघते. रेडिओ आहे माझ्याकडे."

"रेडिओ?"

"ट्रान्झिस्टर. वडिलांचा."

वडील लष्कराच्या डेपोत सिव्हिलियन इलेक्ट्रिशियन होते. कुठलंच रेडिओ स्टेशन लागत नाही अशा जागी काटा लावून ट्रान्झिस्टर घेऊन हिंडायचं, जिथे ठिणगी उडते तिथे तो टकटक करतो, हे त्यांनी मला शाळेत असताना शिकवलं होतं. संस्थेकडे याच कामाचं महागडं यंत्र आहे. ते नेहमी दुसऱ्या कुणाकडे तरी असतं.

ऊन कलल्यावर माळावर गेले. ट्रान्झिस्टर लावला. टक. टक. टक. सोलर पॅनेलकडे गेले तर आवाज तेवढाच. खिंडीकडे गेले तर कमी. खाचरांच्या बाजूला उतरायला लागले तसा वाढत गेला. शेवटच्या बांधावर पोचले तेव्हा तो इतका कडकडीत वाजत होता की मी बंदच केला.

समोर भात उभं होतं. पिवळं पडायला लागलेलं, लोंब्या वाकलेल्या. आणि त्याच्या चारी बाजूंनी बांबूच्या खुंटांवरून बारीक तार फिरवलेली. खोपीच्या कुडाला एक डबी टांगलेली, वर वहीएवढं सोलर पॅनेल. डबीवरचा लाल दिवा मिचमिचत होता.

"हात लावू नका, मॅडम! झटका बसंल!" सोनाबाई खोपीतून धावत आल्या.

झटका मशीन शेतकऱ्यांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. तारेत सेकंदा-दीड सेकंदाने विजेचा एक ठोका सोडायचा. रानडुक्कर तारेला लागलं की त्याला चटका बसतो, मरत नाही, पण मागे फिरतं. तो ठोका माणसाच्या कानाला ऐकूही येत नाही. माझ्या कॉइलला मात्र तो कानाशी फटाका फोडल्यासारखा.

मी दमले होते आणि चिडले होते. बांधावर बसतच म्हटलं, "सोनाबाई, मी सांगितलं होतं ना, इथं लाईटचं काही लावायचं नाही म्हणून?"

"लाईटवर न्हाई ओ ते," त्या म्हणाल्या. "उन्हावर चालतंय. तुमचा नियम हाय म्हनून तर हे घेतलं. लाईटवरचं बी मिळत हुतं, म्या न्हाई म्हनलं."

"पण घेतलंत कशाला?"

त्या म्हणाल्या, "डबं काढलं ना आमी."

"कसले डबे?"

"राखनीचं."

मग सगळं उलगडलं. या भागात भात लोंबीला आलं की राखण बसते. शेतात बांबूचा माळा, म्हणजे उंच मचाण, बांधतात. खाचरात जागोजागी पत्र्याचे रिकामे डबे टांगतात, सगळ्यांना एकच दोरी. माळ्यावरच्या माणसाने दोरी ओढली की सगळे डबे एकदम खणखणतात. डुकरं पळतात. सोनाबाईंच्या शेतावर रामनाथ बसायचा. पण डबे पत्र्याचे. म्हणजे लोखंड. आणि ते हलवायचे असतात. माझ्या पहिल्याच नियमात बसणारे.

"तुमी म्हनलात लोखंड हालवायचं न्हाई. मंग काढलं सगळं. भंगारवाल्याला दिलं," त्या म्हणाल्या. "रामनाथ नुसता आरडून आरडून हाकलायचा. त्याला किती दाद देत्यात ती? खालचं खाचर त्यांनीच खाल्लं."

खालचं खाचर मी मागच्या महिन्यात पाहिलं होतं. आडवं झालेलं. मी जाता जाता विचारलंही होतं, पावसाने झोपवलं का? आणि सोनाबाई व्हय म्हणाल्या होत्या.

"तेव्हा का नाही सांगितलंत मला?"

"सांगून काय झालं असतं? तुमची पेटी तुमी काढली असती व्हय?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच विचारायचं होतं. "देवळाम्होरं शबुद दिल्याला. मंग बायकांच्या गटातनं हे मशीन आनलं. रामनाथला बी भाईरगावी कामाला जाता आलं मंग. दुपारी म्या खाचरात उतरते तवा बंद करते, न्हाईतर चालूच. आता डुकरं येत न्हाईत आनि आवाज बी न्हाई. म्या म्हनलं, मॅडमचं बी भागलं आनि आमचं बी."

डबे खाचरात, कॉइल वर माळावर. एवढ्या अंतरावरून पत्र्याच्या डब्यांनी माझं काडीचंही बिघडलं नसतं. तो नियम कुणी कॉइलपाशी फावडं, कुदळ, मोटारसायकल आणू नये म्हणून होता. पण आसपास म्हणजे किती, हे मी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी नियम पूर्ण पाळला होता. आमच्या शांततेसाठी त्यांनी शेतातली सगळ्यात निरुपद्रवी वस्तू काढली आणि सगळ्यात वाईट आणून बसवली. मला हसू यायला हवं होतं. रडू यायला लागलं. सोनाबाईंना वाटलं गुडघे दुखतायत. त्यांनी कोरा चहा केला.

खिंडीत चढून सरांना फोन केला. रेंज तिथेच होती.

"इलेक्ट्रिक फेन्स!" सर खूश झाले. सोर्स सापडल्याचा आनंद शास्त्रज्ञाला वेगळाच असतो. "छान. मग बंद करायला सांगा. दोनच आठवडे."

"सर, भात उभं आहे. दोन आठवड्यांत डुकरं सगळं नेतील."

"मग ते डबे परत लावा ना. डबे चालतील."

"डबे भंगारात गेले. ओढणारा माणूस कामाला गेला. मशीन आलं म्हणूनच गेला."

"डबे आपण आणून देऊ. बाई स्वतः नाही का बसू शकणार? मॅडम, एक-दोन एकराची गोष्ट आहे. नुकसान झालंच तर भरून देऊ."

त्या भातावर त्यांचं वर्षाचं खाणं होतं. ते विकायचं नव्हतं, मग त्याची भरपाई कशात करणार? हे मी सरांना म्हटलं. ते म्हणाले, "प्लीज, एकदा विचारून तर बघा."

मी विचारलं. आणि सोनाबाई हो म्हणाल्या. मला वाटलं होतं नाही म्हणतील, मग माझी सुटका होईल. पण त्या म्हणाल्या, "तुमी एवढ्या लांबनं येताव, गुडघं धरून चढताव. बसंन म्या."

राजूरच्या बाजारातून तेलाचे रिकामे डबे आणले. दोघींनी मिळून दोरी ओवली. मोडकळीला आलेल्या माळ्याला नवे बांबू लावले. वयाच्या मानाने आम्ही बरं काम केलं. संध्याकाळी सोनाबाईंनी मशीनचं बटण बंद केलं आणि मी लॉजवर गेले.

सकाळी पुण्याहून फोन. सर इतके खुशीत होते की मला ओळखू येईना. "मॅडम, अप्रतिम! आठचा उंचवटा, चौदाचा, वीसचा, सगळे एकदम स्वच्छ. असा डेटा आपल्याला आधी कधीच मिळाला नव्हता!"

मी वर गेले. सोनाबाईंचे डोळे लाल होते. एकट्या बाईने दिवसभर शेण-पाणी करायचं आणि मग जागायचं. भात मात्र जागेवर होतं. मी म्हटलं, आज दुपारी झोपा. त्या म्हणाल्या, झोपते. पण झोपल्या नाहीत, दुपारी गवताचा भारा घेऊन येताना दिसल्या.

त्याच्या पुढच्या सकाळी फोनवर सर पुन्हा खुशीत. मी वर गेले तर सोनाबाई बांधावर उभ्या होत्या. हातात दोरी तशीच. वरच्या खाचराचा एक कोपरा आडवा झाला होता. नुसता आडवा नाही, तुडवून, चघळून, चिखल करून टाकलेला. डुकरं नुसती खात नाहीत, नासतात.

"पहाटं डोळा लागला," त्या म्हणाल्या. "जाग आली तवर गेल्ती."

"मग तेव्हा तरी मशीन चालू करायचं ना!"

"तुमी सांगितलं न्हाई चालू करा म्हनून."

त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या तर आणखी बरं. त्या फक्त उरलेल्या भाताकडे बघत होत्या, किती उरलं आणि ते कुठवर पुरेल, असं. आणि त्यांच्या मागे माळावर माझी कॉइल शांतपणे जगभरच्या विजा मोजत होती. मला त्या कॉइलचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा.

मी खोपीपाशी गेले आणि मशीनचं बटण दाबलं. लाल दिवा मिचमिचायला लागला.

"मॅडम, तुमची पेटी?"

"पेटी राहू दे."

मग खिंडीत गेले. फोन लावायच्या आधीच सरांचा आला.

"मॅडम, कंगवा परत आला! आत्ता, दहा मिनिटांपूर्वी!"

"हो. मीच चालू केलं."

"तुम्ही? का?"

सांगितलं. ते ऐकत होते. मग म्हणाले, "वाईट झालं. खरंच. पण मॅडम, दोनच दिवसांत एवढा सुंदर डेटा आलाय. आपण दोन माणसं पाठवू राखणीला. पुण्याहून. मी स्वतः येतो हवं तर."

"सर, तुम्हाला डुकराचा माग कळतो का?"

"नाही."

"मलाही नाही. आपण झोपणार, डुकरं येणार, आणि सोनाबाई आपल्याला चहा करून देणार."

खिंडीत वारा होता. मग मला जे वाटत होतं ते बोलून टाकलं. "सर, आपण जी गुणगुण शोधतोय ती किती वर्षं चालू आहे?"

"अब्जावधी."

"आणि विजा?"

"मॅडम, कळलं मला."

"विजा डिसेंबरमध्येही पडतात. भात तोवर घरात आलेलं असेल. मग मशीन लागत नाही. विश्व थांबायला तयार आहे, सर. मीटिंग थांबत नाहीये."

"मीटिंगमध्ये मी काय सांगू?"

"खरं सांगा."

त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं कॉन्ट्रॅक्ट गेलं. वाईट वाटलं नाही. गुडघ्यांना तर बरंच वाटलं असतं. मी रेकॉर्डर बंद केला, बॅटरी काढली आणि जीपपर्यंत चालत गेले. वाटेत सोनाबाई आडव्या झालेल्या भातातल्या धड लोंब्या वेचत होत्या. मी थोडा वेळ त्यांच्याबरोबर वेचल्या. ओंजळभर निघाल्या असतील माझ्या.

मीटिंग झाली. सर परत आल्यावर त्यांनी फोन केला. चिडलेले नव्हते, उलट जरा ओशाळले होते. त्यांनी त्या दोन रात्रींचा डेटा दाखवला आणि पुढे काय झालं तेही सांगितलं. खोलीत हशा पिकला म्हणे. मग एकजण उठून म्हणाला, आमच्याकडे मेंढ्यांच्या कुंपणाने हाच ताप दिलाय. दुसरा म्हणाला, आमच्याकडे गायींच्या. अर्धा तास फक्त कुंपणांवर चर्चा झाली. स्टेशन बंद करा असं कुणी म्हटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं का असं होईल?" सरांनी विचारलं.

"मला काय माहीत. मी तर कॉन्ट्रॅक्ट गेलं म्हणून धरून चालले होते."

थंडी पडल्यावर एके सकाळी सोनाबाईंचा फोन आला. खिंडीत चढून केलेला, धापा टाकत. "मॅडम, भात घरात आलं. मशीन बंद करून ठिवलंय, तार बी गुंडाळली. आता लावा तुमची पेटी."

पुन्हा अर्धा जिल्हा. पुन्हा संगमनेरचा चहा. पुन्हा चढण. खाचरं रिकामी होती, नुसता धसकटांचा पसारा. पेटी लावली, आणि त्या हिवाळ्यात आम्हाला सलग दोन महिने इतका स्वच्छ डेटा मिळाला की सर पुण्यात सगळ्यांना बोलावून दाखवत होते. विश्वाची गुणगुण काही त्यात सापडली नाही. सापडायची नव्हतीच, आमचं काम फक्त विजा वजा करून देण्याचं. सोनाबाईंनी विचारलं तेव्हा तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग पुढल्या वर्साला बघा." त्या वर्षी त्यांना उन्हाळ्यात तांदूळ विकत आणावा लागला. हे मला त्यांनी नाही सांगितलं, रामनाथने सांगितलं.

आता मी नवीन जागी गेले की नियम शेवटी सांगते. आधी विचारते, या महिन्यात तुम्ही इथे काय करता, आणि पुढच्या महिन्यात काय करता? बरेच लोक म्हणतात, काही नाही. तेव्हा मी बसून राहते. चहा होतो. मग कळायला लागतं. वेळ जातो यात. सर कुरकुर करतात, मीही करते.

सगळ्या स्टेशनांचा वर्षाचा अहवाल परदेशी जातो. त्यात बंद असलेल्या दिवसांपुढे कारण लिहावं लागतं. बॅटरी, पाऊस, केबल तुटली, असं. आमच्या स्टेशनपुढे लोंबी धरल्यापासून मळणी होईपर्यंतच्या आठवड्यांना सर दर वर्षी एकच कारण लिहितात, पीक उभे. पहिल्या वर्षी तिकडून मेल आला होता, हा कुठल्या प्रकारचा बिघाड आहे? सरांनी उत्तर पाठवलं, बिघाड नाही.